डोळे मिटले की काहीच दिसत नाही

पत्र, थोडं आटोपतं करून:

«माझं वय ४७. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत. दर महिन्याला अंगावरून खूप जातं, हिमोग्लोबिन ९.२ वर आलंय. तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून पिशवी काढायची ठरली आहे. तारीख मिळाल्यापासून झोप उडाली. पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापासून पुढचं सगळं डोळ्यांपुढे येतं. नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. डोळे मिटा, समुद्रकिनारा बघा, पोटात पांढरा प्रकाश उतरून गाठी विरघळतायत असं बघा. रोज केलं तर ऑपरेशनच लागणार नाही म्हणे. चार दिवस केलं. मला अंधाराशिवाय काही दिसत नाही. शिवाय लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले, त्यामुळे लाटांचा आवाज सुरू झाला की छातीत जास्तच धस्स होतं. यात काही तथ्य आहे का? असेल तर घरी कसं करायचं? ऑपरेशन पुढे ढकलून आधी हे करून पाहू का? आणि मिस्टर म्हणतात मी वाचून दाखवतो, ते चालेल का? – एक वाचक, जयसिंगपूर (माहेर आजऱ्याकडचं)»

ताई,

आधी तिसरा प्रश्न घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. फायब्रॉइड कल्पनेने विरघळत नाहीत. पाळी कायमची गेली की ते बहुधा आपोआप आकसतात, काही औषधांनी तात्पुरते लहान होतात. पांढऱ्या प्रकाशाला दाद देतात असं कुठेही दिसलेलं नाही. तारीख पुढेमागे करायचीच झाली तर ती रक्त वाढवण्यासाठी, आणि ते तुमचे डॉक्टर ठरवतील. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आणि पहाटेची धडधड सगळी भीतीचीच आहे असं धरून चालू नका. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, कधी नुसतं पडल्या पडल्याही धडधडतं. पुढच्या भेटीत हे आवर्जून सांगा. सोबत छातीत दुखलं, दम लागला, घेरी आली तर भेटीची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तथ्याचं. तथ्य आहे, पण व्हिडिओवाल्याने बोट दाखवलं तिथे नाही.

हे वाचता वाचताच एक करून बघा. गावठी कैरी घ्या, देठाशी चिकाचा थेंब असलेली. सुरी लावली की पहिल्यांदा जरा अडते, मग टच् करून आत जाते. फोडीला मीठ-तिखट लावून ठेवलंय, मिठाचं पाणी सुटून तिखट लालसर ओलं झालंय. ती फोड उचलून दाढेखाली धरलीत आणि दाबलीत.

तोंडाला पाणी सुटलं ना? कैरी दिसली का? तुम्हाला दिसली नसणार, तरी पाणी सुटलंच. आता लाळेला नुसतं म्हणा, ‘सूट’. काही होणार नाही. लाळ, हृदयाचे ठोके, पोटातली कालवाकालव, मानेचे आखडलेले स्नायू, ही मंडळी हुकूम ऐकत नाहीत, पण आठवण काढली की लगेच हजर होतात. सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास हे यंत्राने मोजलं होतं: माणसाने हात न हलवता नुसती हात वाकवल्याची कल्पना केली तरी त्याच हाताच्या स्नायूंत बारीक विद्युत हालचाल उमटते. इंग्रजीतून आलेलं नाव गायडेड इमेजरी. आपण साधं कल्पनाचित्र म्हणू, पण ‘चित्र’ हा शब्द फार मनावर घेऊ नका.

कारण तुमच्याच पत्रात दोन वाक्यं आहेत. एक, पहाटे थिएटरच्या दारापासून पुढचं सगळं डोळ्यांपुढे येतं. दुसरं, डोळे मिटल्यावर काही दिसत नाही. दोन्ही खरी असू शकतात. पहाटे तुम्हाला चित्र दिसत नसेल, पण स्ट्रेचरची चाकं ऐकू येतात, अंगावर गार हवा येते, पोटात खड्डा पडतो. म्हणजे ही विद्या तुम्हाला अवगत आहे, रोज पहाटे सराव चालू आहे. फक्त विषय वाईट निवडला गेलाय.

डोळ्यांपुढे काहीच न उमटणारी माणसं असतात, हेही जुनं निरीक्षण आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं, तर कित्येक शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की आम्हाला काही दिसत नाही, ‘मनाच्या डोळ्याने पाहणं’ ही नुसती बोलायची रीत वाटत होती. २०१५ मध्ये इंग्लंडच्या एक्सिटर विद्यापीठातले ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी त्याला अफँटेसिया असं नाव दिलं. तो आजार नाही. तुम्हाला तो आहेच असंही नाही, चार दिवस भीतीत घालवले की कोणालाच काही दिसत नाही. काही असो, आपण डोळे सोडून देऊ. हात, नाक, कान आणि अंगाला लागणारं गार-गरम यांच्यावर काम करू. तसंही शरीरावर परिणाम याच गोष्टी जास्त करतात. किनाऱ्याचा फोटो छान असतो, पण त्याने खांदे खाली येत नाहीत.

पांढऱ्या प्रकाशाची गोष्ट कुठून आली तेही सांगते, कारण नणंदेशी बोलताना उपयोगी पडेल. १९७० च्या दशकात अमेरिकेतले किरणोपचारतज्ज्ञ कार्ल सायमंटन कॅन्सरच्या रुग्णांना उपचारांच्या जोडीला सांगत, की आपल्या पांढऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतायत असं मनात आणा. कल्पना गाजली. अशा कल्पनेने आयुष्य वाढतं हे मात्र सिद्ध झालं नाही. आणि एक तोटा झाला: आजार वाढला की रुग्णाला वाटे, माझंच चित्र कमी पडलं. हा भार तुम्ही घ्यायचा नाही. गाठ तुमच्या विचारांनी आली नाही आणि विचारांनी जाणार नाही.

मग जातं काय? भीती, ताण, काही प्रमाणात दुखणं, आणि झोपेची मोडतोड. १९९७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलेले १३० रुग्ण घेतले. निम्म्यांना कॅसेट दिल्या. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून ऐकायच्या, नंतरही सहा दिवस ऐकायच्या. त्या गटाची काळजी कमी राहिली, दुखणं कमी झालं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं बरीच कमी लागली. सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसत नाही. २०१६ मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा मानसिक तयारीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दुखणं, मनःस्थिती आणि दवाखान्यातला मुक्काम यांत थोडा फायदा दिसला, पण पुरावा कच्चा आहे असाही शेरा मारला. थोडा फायदा, खर्च शून्य. तेवढ्यासाठी करावं असं माझं मत आहे.

जखमेचं म्हणाल तर ताण आणि जखम यांचा संबंध आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १९९५ साली घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम एक छोटी, सारख्या मापाची जखम करून बघितलं. ती भरायला त्यांना इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पण त्याचा अर्थ ‘टाके भरतायत असं बघा, लवकर भरतील’ असा कोणी काढू नये. झोप लागली, दुखणं सोसवलं, तर तुम्ही नीट खोकाल, लवकर उठून चालाल, जेवाल. जखमेला मदत होते ती या रस्त्याने.

आता घरी कसं करायचं.

जागा. समुद्र बाद, नदी बाद, धबधबा बाद. सगळ्या तयार रेकॉर्डिंगमध्ये पाणी का असतं कोण जाणे, पण तुमच्यासाठी ते विष आहे. तुमची जागा तुमच्या पायाखालून गेलेली हवी. पाहिजे तर माहेरची घ्या, मात्र एक अट: त्या जागेला दुःख चिकटलेलं नसावं. आई ज्या खोलीत गेली ती खोली, भाऊबंदकीत वाटणी झालेला परसू, अशा जागी गेलात की पाच मिनिटांत रडू येतं आणि माणूस म्हणतो, हे मला जमत नाही. तिथे शक्यतो माणसंही नकोत. माणूस आला की तो बोलतो, आणि बोलला की विषय निघतात.

आणि तिथे हाताला काम हवं. नुसतं बसून देखावा पाहायचा म्हटलं तर मन अर्ध्या मिनिटात थिएटरच्या दाराशी जाऊन उभं राहतं. क्रम असलेलं काम असलं की ते गुंततं. मानसपूजा करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: आधी आसन, मग स्नान, मग गंध उगाळायचं, मग एकेक फूल. मूर्ती दिसते की नाही हा प्रश्नच येत नाही, कारण हात पुढच्या उपचाराला लागलेले असतात. तुमच्याकडे मानसपूजेची सवय असेल तर तीच घ्या, दुसरं काही शोधू नका.

नसेल तर आजऱ्याकडच्या म्हणून एक उदाहरण देते, सोप्यातलं, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीतलं. फोनवर रेकॉर्ड करायला असा मजकूर लिहायचा:

«मी सोप्यात बसलेय. पाठ भिंतीला टेकलीय… भिंत गार आहे… मांडीवर सूप आहे. सुपाचा काठ मांड्यांना लागतोय… बोटं तांदळात जातायत. दाणे कोरडे, गार… दाणे बोटांच्या मधून सुटतायत… एक खडा बोटाला लागला. तो बाजूला… सूप हलवलं की सर्र आवाज येतोय… परत सर्र… आतून घनसाळ भाताचा वास येतोय… एक खडा. बाजूला… खांदे आपोआप खाली आलेत… उन्हाची तिरीप पायाच्या अंगठ्यावर आलीय. तेवढाच अंगठा ऊबदार आहे… सूप अजून अर्धं भरलंय. कुठे जायचं नाही…»

प्रत्येक ठिपक्यांच्या जागी एक संथ श्वास, म्हणजे पाच-सहा सेकंद, गप्प राहायचं. पहिल्यांदा रेकॉर्ड करणारे हमखास घाई करतात, शांतता त्यांना लांबलचक वाटते. ऐकताना ती बरोबर वाटते. असे बारा-पंधरा संदर्भ फिरवून फिरवून सहा-सात मिनिटं होतात. तांदूळ नको असतील तर शेंगा फोडा, वाती वळा, लोकर विणा.

क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘खांदे सैल सोड’, ‘शांत हो’ अशी आज्ञा लिहू नका. आज्ञा आली की अंग तपासणी सुरू करतं: झाले का सैल? नाहीत अजून. ‘खांदे खाली येतायत’ असं लिहा. आणि ‘घाबरायचं कारण नाही’ हे वाक्य कुठेही नको, त्यात ऐकू येतो तो ‘घाबर’ हाच शब्द. ‘मी’ म्हणून लिहायचं की ‘तू’ म्हणून, ते तुमच्या कानाला बरं वाटेल तसं.

बैठक. दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटांच्या आत. एक दुपारी खुर्चीत बसून, पाय जमिनीला टेकवून. दुसरी रात्री अंथरुणात, गुडघ्यांखाली उशी घेऊन. जेवण झाल्यावर तासभर जाऊ द्या. फोन फ्लाइट मोडवर. गॅसवर कुकर चढवून बसू नका, आणि हे रेकॉर्डिंग स्कूटीवर ऐकायचं नाही.

सुरुवातीची दोन मिनिटं श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. भर बाहेर सोडण्यावर, छाती फुगवण्यावर नाही. बोटांना मुंग्या आल्या किंवा हलकं गरगरलं तर तुम्ही जास्त जोराने श्वास घेताय. मोजणं सोडून द्या, श्वास आपला आपण चालू द्या, मिनिटभरात जातं.

मग तीन मिनिटं अंग: पायांची बोटं पाच सेकंद आवळा, सोडा, दहा सेकंद थांबा. तसंच पोटऱ्या, मुठी, खांदे कानांपर्यंत वर, शेवटी कपाळाच्या आठ्या. पोट आवळायचं नाही. ऑपरेशननंतर तर अजिबात नाही, म्हणून आत्तापासूनच सवय नको. त्यानंतर रेकॉर्डिंगमधला सोपा आणि तांदळाचं सूप. शेवटी एक मिनिट परतायला: बोटं हलवा, खोलीतले तीन आवाज ओळखा, डोळे उघडा. झटकन उठलात, त्यातून रक्त कमी, तर डोळ्यांपुढे अंधारी येईल.

जागेत असताना, अंग सैल वाटू लागलं की अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवा आणि तसंच धरून ठेवा. रोज. आठ-दहा दिवसांत बोटं जुळवली की श्वास आपोआप लांबायला लागतो. ही खूण तुम्हाला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये हवी आहे, जिथे पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणी ऐकू देणार नाही. दोन्ही हातांनी सराव करा, कारण त्या दिवशी एका हाताला सलाईन असेल आणि एका बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा.

एका वहीत बैठकीआधी आणि नंतर ताणाला शून्य ते दहात आकडा द्या. सातचे पाच झाले तर उत्तम चाललंय. सातचा शून्य कोणाचा होत नाही. पहिले तीन-चार दिवस आकडा जागचा हलणारही नाही, आणि नेमकं तेव्हाच बहुतेक जण सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे फक्त पहाटे तीनला, धडधड सुरू झाल्यावरच करायला जाणं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, सराव दुपारचा. पहाटे जाग आलीच तर आकडा, श्वास, क्रम काही नको. सरळ सुपावर जा आणि खडे मोजा. झोप लागली तर लागू द्या. दुपारी मात्र झोप लागत असेल तर पाठ टेकवू नका.

मन भरकटणार. ते चूक नाही, खडा आहे. बाजूला ठेवायचा आणि बोटं परत तांदळात.

डोळे मिटल्यावरच घुसमटल्यासारखं होत असेल तर मिटू नका. दोन हातांवरच्या फरशीकडे बघत करा. काही लोकांना अंग सैल पडू लागलं की उलट भीती वाढते, पहारा सुटल्यासारखं वाटतं. तसं झालं तर तीन मिनिटांच्या बैठका करा आणि पाय जमिनीवर दाबून ठेवा. नदीचा तो प्रसंग जिवंत होऊन पुढे येत असेल, आवाज-वासासकट, तर मात्र एकट्याने पुढे जाऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, त्यांनीही हे घरच्या घरी करू नये. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर आहे.

पहिला आठवडा एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या बैठकीत एक भर घाला. व्हिडिओंमध्ये नसतं पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: त्या दिवसाची रंगीत तालीम. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच दिवस पियानोचे सूर नुसते मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांचं क्षेत्र बदललं, जवळपास प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखंच. पहाटे तुम्ही तालीमच करता, पण ती दारापाशी अडते आणि परत पहिल्यापासून सुरू होते. आपण ती पार पलीकडे नेऊ, घरी परतून चहाचा कप हातात येईपर्यंत. गोड करून नाही, जसं होतं तसं.

तालमीला माहिती लागते. ती भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या वेळी विचारून घ्या, कारण दवाखान्यागणिक थोडा फरक असतो. साधारण असं: उपाशी राहायची वेळ ते सांगतील, ती पाळायचीच. दागिने काढावे लागतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकलीसुद्धा. हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुष्कळ बायका घाबरतात त्या इथे. अनोळखी खोलीत, कोणीतरी घाई करत असताना गळा मोकळा होतो तेव्हा. म्हणून तालमीत ते घरीच, आदल्या रात्री, स्वतःच्या हाताने काढा आणि मिस्टरांच्या हातात द्या. प्रत्यक्षातही तसंच करा. नेलपॉलिश काढा, त्याने चिमट्याचा आकडा चुकू शकतो.

मग स्ट्रेचर. छतावरचे दिवे सरकतायत, चाक कुठेतरी खडखडतं. इथे बोटं जुळवा. थिएटर गार असतं, पांघरूण मागता येतं, तालमीतही मागा. स्पिरिटचा वास. नाव विचारतात, सगळं माहीत असूनही विचारतात, ती सुरक्षेची पद्धत आहे. तोंडाजवळ मास्क, प्लॅस्टिकचा वास. भुलेचं औषध सलाईनमधून जाताना दंडात चुरचुरतं. चुरचुरलं की सोप्यात जाऊन बसायचं, सूप मांडीवर. त्यापुढचं काही मनात आणू नका, कारण त्यापुढे तुम्ही तिथे नसताच. ऑपरेशन कसं करतात हे व्हिडिओवर पाहिलं असेल तर ते तालमीत घालू नका.

जाग येते तेव्हा घसा खरखरीत असतो, नळी घातलेली असते म्हणून. लघवीची नळी असेल, सतत लघवीला लागल्यासारखं वाटेल. आणि एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी: दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो उरलासुरला वायू पोट-छातीमधल्या पडद्याला टोचतो आणि दुखतो मात्र खांदा. एक-दोन दिवस. हे ठाऊक नसलेल्या बाईला वाटतं, हृदयाचं काहीतरी झालं. तालमीत खांदा दुखू द्या आणि ‘वायू आहे’ असं म्हणा. तरी प्रत्यक्षात दुखलं की सिस्टरांना सांगायचंच.

तालमीत भीती वाढली तर? थोडी वाढणारच. आकडा आठच्या वर गेला तर जिथे आहात तिथून सुपावर परत या, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा पुन्हा घ्या. रात्रीच्या बैठकीत तालीम करायची नाही, नाहीतर उरलीसुरली झोप जाईल.

तिसऱ्या आठवड्यात सगळं छोटं करा: रेकॉर्डिंगशिवाय पाच मिनिटं, मग नुसती बोटं जुळवून तीन श्वास. दवाखान्यात नेमकं एवढंच चालणार आहे. थिएटरमध्ये जाईपर्यंत इअरफोन चालतील का हे भूलतज्ज्ञांना आधी विचारा, त्या दिवशी दारात वाद नको.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस गुंगीत बैठक वगैरे जमणार नाही, अट्टहास करू नका. तासातासाला पाच मोकळे श्वास, पावलं घोट्यातून वर-खाली दहा वेळा. खोकला आला तर उशी पोटावर दाबून धरा आणि मग खोका. टाके तुटतील या भीतीने दाबून ठेवलेला खोकला छातीत कफ साठवतो. दुखण्यालाही आकडा द्या. चारच्या वर गेला तर आधी वेदनाशामक, मग कल्पनाचित्र. उलट क्रमाने केलं तर काही मिळत नाही, दुखणाऱ्या माणसाला तांदूळ निवडता येत नाहीत. औषध लागू पडत असताना, त्या अर्ध्या तासात, दुखऱ्या जागेवर पिळलेल्या ओल्या फडक्याची घडी ठेवली आहे असं अंगाला आठवू द्या: आधी गारवा कडांना, मग मध्ये. गार सोसत नसेल तर ऊबदार घ्या. दुखणं ‘नाही’ म्हणून हटवायला जाऊ नका, त्याचं गार-गरम बदला.

ताप, वाढत जाणारं पोटाचं दुखणं, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, एका पायाला सूज: यातलं काही दिसलं तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांना फोन.

राहिला मिस्टरांचा प्रश्न. चालेल, आणि तुमच्या बाबतीत कदाचित रेकॉर्डिंगपेक्षा बरंच चालेल, कारण तुमचे डोळे आवळलेले दिसले की ते थांबू शकतात. फक्त त्यांना आकाशवाणीचा आवाज काढू देऊ नका, घरात जसं बोलतात तसं वाचू दे. ठिपक्यांच्या जागी त्यांनी स्वतः एक श्वास घ्यायचा, म्हणजे वेग आपोआप बसतो. मजकुरात स्वतःच्या मनाने प्रकाश, फुलं, देव काही घालायचं नाही. आणि वाचून झाल्यावर निदान पाव तास ‘बरं वाटलं का?’ असं विचारायचं नाही.